मदत हवी आहे: घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर विमान जमतं म्हणजे खरं पण जमेल का?

नमस्कार मंडळी,

चिरंजीव यंदा बारावी झालेत, पायलट व्हायचंय हे शाळेपासूनच डोक्यात. कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर आहे, २०२० वालं, सुट्टीत रात्र रात्र तेच चालू असतं. सेस्ना १७२ घेऊन लोहगाववरून उडतो, घाट ओलांडून जुहूला उतरवतो, चेकलिस्ट तोंडपाठ, टॉवरशी फाडफाड इंग्रजी (टॉवर अर्थातच कॉम्प्युटरमधला). मी शेजारी बसून बघितलंय, खडकवासल्याचं धरण वरून चक्क ओळखू येतं. आता त्याचं म्हणणं, मला विमान येतं, फ्लाइंग स्कूलमध्ये फक्त तास भरायचेत. आणि त्याला एक योक हवंय, म्हणजे ते विमानाचं स्टिअरिंग, पंचवीस हजाराच्या घरात जातंय. ह्यांचं म्हणणं सगळा व्हिडिओ गेम आहे, एक रुपया देणार नाही. मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये.

कोणी खरं विमान चालवलंय आणि हे पण खेळलंय असं आहे का इथे? हे तास लायसन्सला धरतात का, आणि ते योक घेऊन द्यावं का, एवढंच सांगा.

- मृणाल_सांगली

प्रतिसाद: फायनल_अप्रोच

ताई, मी सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) धुळ्याला केलं, त्याआधी घरी एक्स-प्लेनवर (हेही सिम्युलेटरच) पडीक असायचो. डोक्याचं काम बरंच येतं, अंगाचं अजिबात येत नाही. उतरण्याआधीच्या डाउनविंड, बेस, फायनल या टप्प्यांना कुठे वळायचं, व्हीओआर (दिशा सांगणारा रेडिओ) कसं वाचायचं, आयएलएस (धावपट्टीपर्यंत रेडिओने वाट दाखवणारी यंत्रणा) म्हणजे काय, यात मी बाकीच्या पोरांच्या पुढे होतो. पण पहिल्या दिवशी टॅक्सी करतानाच, म्हणजे विमान जमिनीवर चालवतानाच, फजिती. जमिनीवर विमान पायाने वळतं, रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलने, आणि माझे हात आपोआप योक गाडीसारखं फिरवतायत आणि विमान आपलं सरळ चाललंय.

टेकऑफला फुल थ्रॉटल दिला की इंजिनाच्या जोराने नाक डावीकडे जातं, उजवा पाय द्यावाच लागतो. घरी बरेच जण ऑटो-रडर (रडर आपोआप सांभाळणारी सोय) चालू ठेवतात त्यामुळे हे कळतच नाही. विमान आडवं घसरतंय हे खऱ्या विमानात बुडाखालून कळतं, स्क्रीनवर फक्त एक छोटा बॉल सरकतो.

मग ट्रिम, म्हणजे योक सतत धरून ठेवायला लागू नये म्हणून असलेलं चाक. खऱ्या सेस्नामध्ये आधी हाताने नाक हवं तिथे धरायचं आणि मग हातावरचा दाब जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. घरच्या योकला स्प्रिंग असते, ती कायम मधेच ओढते, त्यामुळे पोरं ट्रिमनेच विमान वरखाली करायला शिकतात. ही सवय मोडायला त्रास झाला. लँडिंगचे शेवटचे दहा-पंधरा फूट तर विचारूच नका, जमीन किती खाली आहे ते डोळ्याच्या कडेने समजतं, मॉनिटरवर बाजूचं काही दिसतच नाही (व्हीआर हेडसेटने थोडं बरं पडतं म्हणतात).

आणि सिमवाल्या पोरांचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे मान खाली. नजर बाहेर क्षितिजावर पाहिजे तर हे आपले स्पीड आणि अल्टिमीटर बघत बसतात. आमच्या सरांनी माझे निम्मे मीटर कागद लावून झाकले होते. त्यात एप्रिलची दुपार, खालून गरम हवेचे धक्के, हेडसेट घामाने चिकट आणि कानात सर ओरडतायत, ६५ नॉट्स धर म्हणून. हे कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये मिळणार?

प्रतिसाद: डॅलसकर

वरच्या दादांशी सहमत, पण एक उलटी बाजू. ढगात शिरलात की तेच अंग धडधडीत खोटं बोलतं. हळूहळू वळण सुरू झालं की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला ते कळतच नाही, आणि मग विमान सरळ केलं की उलट्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. तिथे मान खाली घालून फक्त मीटरवर विश्वास ठेवायचा असतो. मी इथे अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त मीटर बघून उडवायची परवानगी) करतोय, अप्रोच (उतरायची ठरलेली वाट) आधी घरी एक्स-प्लेनवर उडवून मग विमानात बसतो, इन्स्ट्रक्टरचा महागडा तास वाचतो. त्यामुळे 'गेम आहे' म्हणून एकदम मोडीत काढू नका.

तासांचं म्हणाल तर घरचा एक मिनिटही धरत नाहीत, ना एफएए ना डीजीसीए (अमेरिकेची आणि भारताची विमान वाहतुकीचे नियम बघणारी खाती). एक्स-प्लेनची एफएए मान्य आवृत्ती आहे, पण ती ठरलेल्या हार्डवेअरसकट मान्य होते, आपल्या टेबलावरची नाही. भारतात सीपीएलला २०० तास लागतात, त्यात मान्यताप्राप्त सिम्युलेटरचे थोडेच चालतात.

प्रतिसाद: फायनल_अप्रोच

हो, आणि ताई, योक नको, पेडल्स घ्या. पायाची सवय लागली तर तेवढं तरी विमानात उपयोगी पडेल. जॉयस्टिक साधी चालते. बोलायची आवड असेल तर त्याला वॅटसिमवर (सिमवाल्यांचं ऑनलाइन नेटवर्क) जाऊ दे, तिथे माणसंच हौसेने एटीसी, म्हणजे टॉवरवाले, होऊन बसलेली असतात, चुकलं की टोकतात, फुकट आहे. पण हे सगळं नंतर, आधी त्याचं क्लास टू मेडिकल (पायलटसाठीची तब्येतीची तपासणी) करून घ्या, फीचे लाखो रुपये भरायच्या आधी. फिजिक्स-मॅथ्स आहे ना?

मृणाल_सांगली

हो दोन्ही आहेत. मेडिकलचं मात्र कोणीच बोललं नव्हतं, तो सुद्धा नाही!! त्याला चष्मा आहे, चालतो का? पेडल्सचं ऐकून तोंड वाकडं झालंय, योकच हवं म्हणतोय.

फायनल_अप्रोच

चष्मा चालतो, चष्मा लावून नीट दिसलं पाहिजे. रंग ओळखायची टेस्ट असते, ठिपक्यांतले आकडे वाचायचे, ती आधी जवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे करून बघा, चटकन होते. आणि पेडल्स आणलीत तर चाकाच्या खुर्चीवर बसवू नका, पेडलवरचा ब्रेक जोरात दाबला की विमान राहतं जागेवर आणि खुर्ची जाते मागे. साधी लाकडी खुर्ची द्या.