मदत हवी आहे: 'गुड ऑफिसेस'ला मराठीत काय म्हणू?

गावच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यावर लेख लिहितेय. वाचणारी मुलं आठवी-नववीची. गाडी एका शब्दापाशी अडली आहे: 'गुड ऑफिसेस', म्हणजे तिसऱ्याने भांडणाऱ्या दोन पक्षांना बोलणीसाठी एकत्र आणायचं, पण स्वतः तोडगा सुचवायचा नाही की निवाडा द्यायचा नाही.

जुलै १९४७ मध्ये डच फौजांनी जावा-सुमात्रात मोठी कारवाई केली. भारत आणि ऑस्ट्रेलियाने प्रश्न सुरक्षा परिषदेत नेला. डचांचं म्हणणं एकच, हा आमचा घरचा मामला. मग २५ ऑगस्टला परिषदेने फक्त 'गुड ऑफिसेस' देऊ केल्या. तीन देशांची समिती झाली: इंडोनेशियाने ऑस्ट्रेलिया निवडला, डचांनी बेल्जियम, आणि निवडलेल्या या दोन देशांनी मिळून अमेरिका. जकार्ताच्या बंदरात उभ्या 'रेनव्हिल' या अमेरिकन जहाजावर १७ जानेवारी १९४८ ला करार झाला. वर्ष संपायच्या आत, १९ डिसेंबरला, डचांनी पुन्हा हल्ला केला. त्यानंतर जानेवारी १९४९ मध्ये परिषदेने समितीच्या जागी जादा अधिकारांचा आयोग नेमला. म्हणूनच हा शब्द मला नेमका हवाय. समितीचे हात किती बांधलेले होते ते त्यातूनच कळतं.

'लवाद' चालत नाही, कारण लवादाचा निवाडा बंधनकारक असतो. 'मध्यस्थी' लिहून पाहिलं, पण त्यात तोडगा सुचवणंही येतं. 'सदिच्छा समिती' म्हटलं की शुभेच्छा द्यायला आलेली माणसं वाटतात. मशीन भाषांतराने तर सरळ 'चांगली कार्यालये' दिलं. तळटीप द्यायला जागा नाही, आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा नाहीये.

राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय कायदा मराठीतून शिकवणाऱ्यांनो, तुम्ही वर्गात यासाठी कोणता शब्द वापरता?