उन्हाळी शिबिराचे सर

(सोसायटी ग्रुप, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर)

*सेक्रेटरी:* नमस्कार. १५ एप्रिलपासून लेकरांचं खो-खो शिबिर, सकाळी ९ ते ११. सर ठरलेत, राज्याला खेळलेले आहेत. नावं उद्यापर्यंत द्या.

*बी-३०२:* माझी दोन्ही घ्या.

*ए-१०४:* काका, सर खेळतात चांगलं, पण लेकरू पडलं तर काय करायचं हे त्यांना येतं का? मागच्या मे महिन्यात एका शिबिरात (नाव नाही घेत) आमची धाकटी उन्हात पळता पळता बरळायला लागली. सरांनी घाईघाईत रिक्षात घातलं. डॉक्टर म्हणाले, उष्माघातात आधी जागेवरच अंग गार करायचं, मग गाडी. मैदानाच्या गेटवर रसवंती होती हो, बर्फाची लादी गोणपाटाखाली. कुणाला सुचलंच नाही.

*सी-२०१:* आमच्या वेळी कोण येत होतं शिकवायला? गुडघा फुटला की हळद दाबायची, पुन्हा पळायचं.

*ए-१०४:* गुडघ्याला चालते काका. डोकं खांबावर आदळलं तर त्या दिवशी परत खेळवायचं नसतं. आपले सर लोक म्हणतात, "काही होत नाही, ऊठ."

*डी-४०३:* मी नर्स आहे म्हणून सांगते. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत हात आपलेच. हृदय बंद पडलं तर सीपीआर द्यायचा, त्यात छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, मोठ्या माणसाची ५ सेंटिमीटर तरी खोल. व्हिडिओ बघून हात बसत नाही, सरावाचा पुतळा लागतो. मी आणते.

*बी-४०२:* आमच्या मुलाला ऐकू येत नाही, माहितीये सगळ्यांना. सरांना फोन केला तर म्हणाले, "शिट्टी कळणार नाही ताई, बसून बघू द्या." खो तर पाठीवर हात मारूनच देतात ना? शिट्टीबरोबर हात वर केला की झालं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात खेळाचं वेगळं कलम आहे.

*ए-१०४:* अजून एक. सरांनी लेकरांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, जे काय ते पालकांच्या ग्रुपवर. हात लावून पवित्रा दाखवायचा तर आधी विचारायचं. एकट्या लेकराला गाडीवर सोडायचं नाही.

*सेक्रेटरी:* सरांना वाटायचं, संशय घ्यायलोत.

*डी-४०३:* त्यांचीही सोय आहे त्यात, उद्या कुणी बोट दाखवणार नाही. आणि काही वावगं कळलं तर "सोसायटीतलं सोसायटीत मिटवू" चालत नसतं. पोक्सोत, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा लेकरांच्या हेल्पलाइनचा नंबर नोटीस बोर्डावर लावा.

*सी-२०१:* खो-खो शिकवायलाव का वकिली 😄

*सेक्रेटरी:* सरांशी बोललो. वेळ सकाळी ६:३० ते ८ केली. पुतळ्यावर कधी हात बसवला नाही म्हणाले, रविवारी येतायत शिकायला. हात वर करायचंही मान्य. रसवंतीवाल्याला बर्फाचं सांगून ठेवतो.

*बी-४०२:* मग आमचं नाव घ्या.

*सी-२०१:* रविवारी किती वाजता? मीपण येतो. गुडघे टेकता येतील का बघू.