चाळीच्या प्रतिकृतीसाठी लेगोचे चमत्कारिक तुकडे ठेवावेत की विकून टाकावेत?

गिरगावकर:

नमस्कार मंडळी. माझे लहानपण ज्या तीन मजली चाळीत गेले, तिची लेगोची प्रतिकृती मी गेल्या दिवाळीपासून करतो आहे. तळमजला आणि पहिल्या मजल्याची गॅलरी उभी राहिली. पुढचे काम तुकड्यांअभावी अडले आहे. अशातच बंगळूरच्या भाच्याने घर बदलताना आपल्या जुन्या लेगोच्या दोन पिशव्या मला पाठवल्या. वजनाला चार किलो भरल्या म्हणून झालेला आनंद पिशव्या उघडल्यावर अर्धाच उरला. सरळ ठोकळे मूठभर, आणि बाकी जहाजाच्या नाळेचे अखंड भाग, विमानाचे पंख, घोड्यांची खोगिरे, एक सुकाणूचक्र, समुद्री चाच्यांच्या दुर्बिणी, कड्याचा आकार दिलेले मोठे पोकळ राखाडी तुकडे, आणि का कोण जाणे, सतरा बेडूक.

आमचे घर एका खोलीचे आणि स्वयंपाकघराचे. पोटमाळ्यावर गणपतीच्या मखराचे सामान असते, त्यामुळे जागेचा प्रश्न खरा आहे. हे एकाच कामाचे तुकडे विकून त्या पैशांत साधे ठोकळे घ्यावेत, की चाळीत यांचा काही उपयोग होऊ शकेल? आपले अनुभव सांगावेत.

परळचा ठोकळेवाला:

विकून टाका, असे मी स्पष्टच म्हणेन. दोन बाय चारचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणितज्ञांनी संगणकावर मोजून दाखवले आहे; जहाजाची नाळ मात्र जन्मभर जहाजाची नाळच राहते. खुद्द कंपनीलाही या मोहाची किंमत मोजावी लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून नवनव्या आकारांच्या तुकड्यांची संख्या इतकी फुगली की ती १२,००० च्या पुढे गेली, आणि प्रत्येक नव्या आकाराला स्वतंत्र महागडा साचा लागतो. २००३ साली मोठा तोटा झाला. त्याला इतरही कारणे होती, पण २००४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या योर्गेन विग क्नुडस्टॉर्प यांच्या काळात तुकड्यांचे प्रकार जवळजवळ निम्म्यावर आणले गेले, यातच काय ते आले.

आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा माती, विटांचे तुकडे आणि गोणपाट एवढ्यावर सगळा गड उभा राहायचा. तयार बुरूज कोणी आणून दिला असता, तर त्याला किल्ला म्हणायला आपणच कचरलो असतो.

कौलारू:

परळकरांचा आकडा बरोबर आहे, पण त्यात एक गोम आहे. त्या ९१ कोटींहून अधिक रचनांपैकी प्रत्येकीत सगळे स्टड, म्हणजे ठोकळ्यावरचे गोल उंचवटे, आकाशाकडेच तोंड करून असतात. चाळीच्या भिंतीवर दर्शनी बाजूला पाटी लावायची झाली, तर त्यांतली एकही रचना कामाला येत नाही. त्यासाठी हेडलाइट ब्रिक लागते. ही १९८० च्या सुमारास आली ती मोटारीचे दिवे बसवण्यासाठी, म्हणजे परळकरांच्या भाषेत अगदी एकाच कामाचा तुकडा म्हणून. पण तिच्या एका बाजूला किंचित आत घेतलेला स्टड असल्यामुळे भिंतीतून आडवे बांधता येते, हे ध्यानात येताच ती हौशी लोकांची लाडकी झाली. शिवाय पाच प्लेट, म्हणजे पातळ चपटे तुकडे, एकावर एक ठेवल्या की त्यांची उंची १६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन स्टडांच्या रुंदीइतकी भरते, म्हणून आडवे बांधलेले काम उभ्या कामात चपखल बसते.

तेव्हा गिरगावकर साहेब, तुकडा कशासारखा दिसतो हे विसरून जा आणि तो कशाला जोडला जातो हे पाहा. मिनीफिगरच्या, म्हणजे लेगोच्या छोट्या माणसाच्या, मुठीत मावणारी प्रत्येक दांडी जवळपास ३.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि तीच दांडी क्लिपमध्ये, म्हणजे पकड असलेल्या तुकड्यातही बसते. या हिशेबाने आपल्या पिशवीतली दुर्बीण लाखमोलाची आहे, कारण उभी केल्यावर ती हुबेहूब चाळीच्या कठड्यातल्या कातीव लाकडी गजासारखी दिसते. बेडकांनाही हसू नका. २०२१ च्या बोन्साय संचात कंपनीनेच चेरीचा मोहोर १०० गुलाबी बेडकांनी फुलवला आहे.

विमानाच्या पंखांची बाजू मात्र मी घेणार नाही. मी दहा वर्षांपूर्वी जपून ठेवलेले चार पंख श्रीखंडाच्या डब्यात अजून तसेच आहेत.

सह्याद्रीवेडा:

कड्याच्या तुकड्यांबद्दल तेवढे लिहितो, कारण मी ठोकळ्यांचे गड करतो आणि या तुकड्यांशी माझे जुने भांडण आहे. इंग्रजीत त्यांना ‘बर्प’ (बिग अग्ली रॉक पीस) म्हणतात, आणि त्या आद्याक्षरांतच त्यांना मोठे आणि कुरूप ठरवलेले आहे. कुरूपपणा मला खटकत नाही. तो खडक आपला नाही, हे खटकते. आपले कडे लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेले असल्यामुळे त्यांच्यावर आडव्या रेघा आणि पायऱ्या दिसतात. हा तुकडा कुठल्या तरी परक्या मुलखातल्या वेड्यावाकड्या सुळक्यासारखा घडवलेला आहे, आणि दोन शेजारी ठेवले की तीच खाच पुन्हा दिसून सोंग उघडे पडते. करड्या प्लेटचे थर एकेक स्टड मागेपुढे सरकवत रचले, तर राजगडाच्या बालेकिल्ल्याचा भास त्याहून कितीतरी चांगला होतो.

तरीही ते विकू नयेत. आतून पोकळ असल्यामुळे डोंगराच्या पोटात आधाराला हे चार तुकडे घातले की शेकडो ठोकळे वाचतात. पण आपली चाळ गिरगावात आहे, आणि तिथे डोंगर लागत नाही, तेव्हा आपण ते मला दिलेत तरी चालेल.

गिरगावकर:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दुर्बिणींचा प्रयोग करून पाहिला, आणि आमच्या आईने न सांगता ओळखले की हा गॅलरीचा कठडा आहे. जिन्याच्या वरच्या गोल झरोक्यात सुकाणूचक्र बसले. बेडूक रंगाने हिरवे निघाल्यामुळे मोहोर जमणार नाही, पण गॅलरीत टांगलेल्या डब्यांतली तुळस म्हणून तीन लावले आहेत, लांबून खपून जातात. पंख, नाळ आणि खोगिरे यांच्यापुढे मात्र परळकरांचे म्हणणे मान्य करतो.

अडचण एवढीच, की एका मजल्याच्या कठड्याला सुमारे चाळीस दुर्बिणी लागतील आणि माझ्याकडे नऊच आहेत. कोणाकडे तपकिरी किंवा काळ्या दुर्बिणी पडून असतील, तर बदल्यात जहाजाच्या दोन नाळा आणि सगळी खोगिरे देईन. कड्याचे तुकडे सह्याद्रीवेड्यांसाठी बाजूला काढले आहेत. ते येत्या रविवारी दादर स्थानकावर आणून देऊ शकेन.