चारा कापून दाणा घ्यायच्या बन्सी गव्हाला युरिया कधी?

दुधनाकाठ, जालना: काळी जमीन, बन्सीची (रवा-शेवयांचा कठीण गहू) ५ नोव्हेंबरची पेरणी. एकदा हिरवा चारा कापून मग दाणा धरायचाय. पेरताना एकरी १ बॅग डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) आणि ३३ किलो युरिया दिला. राहिलेला ५२ किलो पहिल्या पाण्याला एकदम टाकू का? रवा-शेवयांवाले पांढरट डागाचा पिठूळ दाणा घेत नाहीत.

काळीमाती: एकदम नको, दादा. तुमचा हिशोब बिनकापणीच्या गव्हाचा आहे, एकरी ४८ किलो नत्र. कापणीत ३ टन हिरवा चारा गेला, त्यात १५ टक्के कोरडा भाग आणि त्यात ३ टक्के नत्र धरलं, तर साडेतेरा किलो नत्र गोठ्यात जातं. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे हे २९ किलो युरियाएवढं झालं. २१ व्या दिवशी २६ किलोच द्या, कापल्यावर ५५, आणि लगेच पाणी. आपल्या चुनखडीच्या जमिनीत वर पडून राहिलेल्या युरियाचा अमोनिया उडतो. बन्सीवर ते पिठूळ डाग येतात ते बहुतेक दाणा भरताना नत्र कमी पडल्यानेच.

गोदाकाठ परभणी: युरियापेक्षा कापणीची तारीख बघा. बुडाशी ताट उभं चिरा. आतला कोंब (ज्यातून ओंबी येते) जमिनीलगत आहे तोवर कापता येतं, पोकळ कांडी दिसली की विळा लावायचा नाही. कोंबच कापला तर त्या ताटाला ओंबी नाही, मग कितीही खत घाला. साधारण ३५ दिवसांच्या आत, बुडखा ७-८ सेंटीमीटर ठेवून. कापलेला गहू उशिरा निसवतो, म्हणजे ओंबी उशिरा बाहेर टाकतो, आणि दाणा मार्चच्या उन्हात सापडतो. अशा पोचट दाण्यात प्रथिनांचा टक्का वाढलेला दिसतो, पण तो पिष्ट कमी भरल्यामुळे. रवा त्यातून कमीच पडणार. नोव्हेंबरच्या मध्यानंतर पेरलेल्याला कापूच नये.

दुधनाकाठ, जालना: आणि निसवल्यावर फवारणी?

काळीमाती: २ टक्के युरिया, म्हणजे १०० लिटरला २ किलो, फुलोरा संपल्यावर संध्याकाळी. एकरी २०० लिटर मारलं तरी नत्र दोन किलोच्या आत. प्रथिनांच्या टक्क्याला थोडा हातभार लागतो, जमिनीतली तूट त्याने भरत नाही. भर उन्हात मारलं तर पानांचे शेंडे करपतात.

गोदाकाठ परभणी: युरिया टाकून आठवडाही झाला नसेल तर तो चारा कापू नका, त्यात जनावरांना विषारी ठरणारं नायट्रेट साठतं. नंतरही नुसता घालू नका, कडब्याच्या कुट्टीत मिसळा.