छोटे कोअर, मोठे कोअर : कोणते काम कुठे जाणार हे ठरवायचे कोणी?

महालचा संकलक :
मी लग्नसमारंभांच्या व्हिडिओंचे संकलन करतो. गेल्या आठवड्यात एक फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची होती, म्हणून रात्री एक्सपोर्ट (संकलित फिल्मची अंतिम फाइल बनवण्याचे काम) लावला, खिडकी मिनिमाइझ केली आणि जेवायला बसलो. परत येऊन पाहतो तर काम जेमतेम पुढे सरकले होते. माझ्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये सहा मोठे, वेगवान आणि आठ छोटे, काटकसरी कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत. मोठ्यांवर एकाच वेळी दोन-दोन थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचे धागे) चालत असल्याने टास्क मॅनेजरमध्ये वीस चौकोन दिसतात. त्यांतले पहिले बारा जवळजवळ सपाट होते आणि शेवटचे आठ काठोकाठ भरलेले. खिडकी पुन्हा वर आणताच पहिले बाराही भरले. खिडकी डोळ्यांसमोर नाही म्हणजे काम बिनमहत्त्वाचे, असा तर्क ऑपरेटिंग सिस्टिमने परस्पर करू नये; हा अधिकार यंत्राच्या मालकाचा असावा, असे माझे मत आहे.

बजाजनगर :
तुमचा त्रास खरा आहे, भाऊ, पण निष्कर्ष मान्य नाही. कोणते काम कोणत्या कोअरवर जाणार हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग, म्हणजे शेड्युलर, हे निर्णय सेकंदाला शेकडो वेळा घेतो. ते माणसाच्या हातचे काम नाही. इंटेलने 2021 मध्ये बाराव्या पिढीच्या प्रोसेसरबरोबर थ्रेड डायरेक्टर आणला. कोणता थ्रेड कोणत्या प्रकारच्या सूचना चालवत आहे हे तो पाहतो, आणि त्या प्रकारच्या कामात कोणता कोअर किती वेगवान व किती काटकसरी ठरेल याचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टिमपुढे ठेवतो. उष्णता आणि विजेची मर्यादा बदलली की तक्ताही बदलतो. याउलट तुम्ही हाताने अफिनिटी लावून, म्हणजे प्रोग्रामला ठरावीक कोअर नेमून देऊन, एक्सपोर्ट मोठ्या कोअरांना बांधून टाकलात, तर आठ छोटे कोअर त्या कामापुरते फुकट जातील. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे नागपुरात पारा 45 अंशांवर असतो. सहाही मोठे कोअर सतत पूर्ण भाराने चालले, तर 100 अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. कूलरची हवा आपल्याला लागते, लॅपटॉपच्या तळाला नाही.

महालचा संकलक :
प्रत्येक क्षणाचा निर्णय मला नकोच आहे. थ्रेड कोणत्या सूचना चालवतो हे प्रोसेसरला कळते. पण वधूचे वडील सकाळी नऊला दारात उभे राहणार आहेत, हे त्याला कुठून कळणार? तेवढे एकदा सांगण्याची सोय हवी.

त्रिमूर्तीनगर :
तुम्ही दोघेही प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोकळा सोडत आहात. मी इमारतींच्या संरचनेची गणिते सोडवणारे प्रोग्राम लिहितो. जुन्या सवयीप्रमाणे आम्ही लूपच्या (तेच गणित पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) फेऱ्या सगळ्या थ्रेडमध्ये समान वाटायचो, कारण सगळे कोअर सारखेच, हे गृहीत होते. आता मोठे कोअर आपला वाटा आधी संपवतात आणि छोट्यांसाठी थांबून राहतात. पंगतीत शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत कोणी उठत नाही, तसे. गंमत अशी की थांबलेले थ्रेड पुष्कळदा झोपत नाहीत, जागच्या जागी फिरत राहतात, त्यामुळे मोठे कोअर कामातच आहेत असे शेड्युलरला वाटते. एक काम अनेक थ्रेडमध्ये वाटण्यासाठी प्रोग्राममध्ये वापरतात त्या ओपनएमपीमध्ये ‘स्टॅटिक’च्या जागी ‘डायनॅमिक’ लिहिले की फेऱ्या लहान तुकड्यांनी वाटल्या जातात आणि जो मोकळा होईल तो पुढचा तुकडा उचलतो. यासाठी ना मालकाचा हुकूम लागतो, ना नवा शेड्युलर. कामाची निकड सांगण्याची सोयही नवी नाही. ॲपलने 2014 पासून प्रोग्रामला आपल्या कामाचा दर्जा जाहीर करण्याची सोय दिली आहे. तुमच्या संकलनाच्या सॉफ्टवेअरने असा काही दर्जा कळवलाच नसेल, तर बिचाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने खिडकीकडे पाहूनच अंदाज बांधायचा ना?

बजाजनगर :
पंगतीचा मुद्दा मान्य, परंतु दर्जा जाहीर करण्याचे काम प्रोग्रामवर सोपवले तर प्रत्येक प्रोग्राम स्वतःला रुग्णवाहिका म्हणवून घेईल आणि सगळेच सायरन लावून निघतील.

महालचा संकलक :
आणि उलटही होते. ॲपलच्या एम1 प्रोसेसरवर सर्वांत खालच्या दर्जाचे काम छोट्या कोअरांवरच राहते, मोठे रिकामे बसले असले तरी. म्हणजे बॅकअपचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने ‘मला घाई नाही’ असे एकदा म्हटले, की मला घाई असली तरी त्याचा उपयोग नाही. म्हणूनच शेवटचा शब्द मालकाचा असावा, हे माझे म्हणणे कायम आहे.

उष्णतेबाबत मात्र बजाजनगरकरांचे बरोबर निघाले. काल दुपारी अफिनिटी लावून फक्त मोठ्या कोअरांवर एक्सपोर्ट चालवला. सुरुवातीला तो पळाला, मग पंखा किंचाळू लागला आणि वेग उतरत गेला. नंतर अफिनिटी काढली, पॉवर मोड सर्वाधिक कामगिरीवर ठेवला आणि खिडकी मिनिमाइझ केली, तेव्हा वीसही चौकोन भरलेले राहिले. तरीही रात्रीचा एक्सपोर्ट लावताना मी खिडकी मिनिमाइझ करत नाही; आकाराने लहान करून कोपऱ्यात उघडीच ठेवतो.