अँड्रॉइडचा फोन सोडून आयफोनवर जायचं हाये, पण गिऱ्हाईक हरवलं नाई पाहिजे

मानेवाड्याचा_कूलरवाला · रविवार, रात्री 10.40

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याले राहतो. 22 वर्षं झाले, कूलरचं काम करतो. ताट्या बदलणं, पंप, मोटर वाइंडिंग, पत्र्याचा नवा कूलर बी बनवून देतो. माह्या पोरीनं नवीन फोन घेतला अन् तिचा जुना आयफोन 12 मले देऊन टाकला, 64 जीबीवाला. "बाबा, तुमच्या फोनची काच बघवत नाही," म्हणते. काच फुटलीच हाये, मागच्या मे महिन्यात खामल्याले एका गच्चीवरून पडला फोन. मी नाई पडलो हे नशीब.

अडचण अशी का माह्यं दुकान म्हणजे हा जुना अँड्रॉइडच हाये. पाटी नाई, गाळा नाई. कॉन्टॅक्ट 1,900 च्या वर. नावं पाहा: "कूलर त्रिमूर्तीनगर पिंपळ", "कूलर खामला वकील वरचा मजला", "मॅडम रेशीमबाग पंप दोनदा जळला". गिऱ्हाइकाचं खरं नाव मले बऱ्याच वेळा मालूमच नसते.

फोटो सात हजाराच्या जवळ. मोटर खोलायच्या आधी वायरींचा फोटो काढून ठेवतो, कोणती कुठं होती ते. दोन वर्षांनी तोच कूलर परत येते तेव्हा तो फोटो कामी पडते. व्हॉट्सॲपवर लोक लोकेशन टाकतात, नाई तं आवाजात सांगतात. अन् गाडीवर असलो का पत्ता लिहिता येत नाई, म्हणून माह्या फोनमधी सारे कॉल रेकॉर्ड होतात. रात्री जेवण झालं का ऐकतो अन् उद्याचा रस्ता ठरवतो.

बर्डीवर एका दुकानात विचारलं तं तो म्हणे, 1,200 रुपये अन् फोन दोन दिवस ठेवून जा. दोन दिवस मी काय हात हलवत बसू? पोरगी हैदराबादले हाये, ती म्हणते, "सोपं आहे बाबा, ॲप आहे." तिले सारंच सोपं वाटते. आयफोन चालू करून पाहिला तं तिचेच फोटो दिसून राहिले. अन् माह्ये दोन सिम, याच्यात खाचा एकच.

फेब्रुवारीतच हे काम उरकायचं हाये. होळी पेटली का मले जेवाले फुरसत नसते. काय काय जाते, काय जात नाई, ते सांगा. फोटो अन् व्हॉट्सॲप सगळ्यात महत्त्वाचं.

---

सोल्डर_आणि_चहा · रविवार, रात्री 11.25

भाऊ, माझं स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं काम आहे, तरी सांगतो, 1,200 देऊ नका. घरी होतं.

सगळ्यात आधी तो फोन मुलीच्या नावावरून मोकळा करा. ती फोनवर बोलत असताना करा, तिचा पासवर्ड लागेल. सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर तिचं नाव दिसेल, तिथून साइन आउट. साइन आउट होताना "फाइंड माय" (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायला विचारेल, करायचं. त्यानंतर "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज". साइन आउट न करता कुणी कॉम्प्युटरला जोडून फोन पुसला, तर ॲक्टिव्हेशन लॉक लागतो आणि जुन्या मालकाच्या पासवर्डशिवाय फोन पुढे सरकत नाही. भाच्याचा, जावयाचा, मित्राचा असे फोन घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी चहा पाजतो, दुसरं काही करता येत नाही.

पुसायचं आणखी एक कारण आहे. अँड्रॉइडमधून सामान आणायचा प्रश्न आयफोन नवा सुरू करताना विचारतो. त्या टप्प्यावर "फ्रॉम अँड्रॉइड" निवडायचं. जुन्या फोनमध्ये प्ले स्टोअरवरून "मूव्ह टू आयओएस" हे ॲप घेऊन ठेवा. आयफोन एक कोड दाखवेल, तो अँड्रॉइडमध्ये टाका, काय काय न्यायचं त्यावर टिक करा, झालं. कॉन्टॅक्ट, मेसेज, फोटो, व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप, सगळं त्या यादीत असतं.

व्हॉट्सॲपबद्दल नीट वाचा, कारण इथंच लोक फसतात. तुमचा रोज रात्रीचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो आणि तो आयफोनवर उघडत नाही. "बॅकअप आहे ना" म्हणून जुना फोन पुसला की संपलं. 2022 पासून व्हॉट्सॲप याच "मूव्ह टू आयओएस"मधून जातं, दुसरा सरळ रस्ता नाही. दोन्हीकडे नंबर तोच पाहिजे. सामान आलं की आयफोनवर व्हॉट्सॲप टाका, त्याच नंबरने आत जा, ते विचारेल तेव्हा "स्टार्ट" दाबा. जुन्या फोनमधल्या चॅट आपोआप पुसल्या जात नाहीत, त्यामुळे काही बिघडलं तरी मूळ माल जागेवर असतो.

आता माझा प्रश्न. जुना फोन किती भरलाय? मेमरी कार्ड धरून सांगा. 64 जीबीत फोनची स्वतःची सिस्टिमही राहते.

---

हुडकेश्वरची_काकू · सोमवार, सकाळी 7.10

मी तज्ज्ञ नाही, मार खाल्लेली आहे. आमच्या मुलाने माझं हेच केलं. अर्ध्यावर आलं होतं आणि माझ्या नणंदेचा फोन आला. मी उचलला. मला काय माहीत! ते ॲप पडद्यावरून हललं आणि सगळं थांबलं. आयफोन परत पुसून पहिल्यापासून. नणंदेला सांगायचं होतं इतकंच की तान्ह्या पोळ्याचे नातवाचे फोटो पाठव.

तेव्हा दादा, अँड्रॉइड विमान मोडवर टाका आणि त्यात फक्त वायफाय चालू करा. दोन्ही फोन चार्जरला लावा. अँड्रॉइडने "झालं" म्हटलं तरी आयफोनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत हात लावू नका. दिवसा करू नका, कुणीतरी हमखास फोन उचलतंच.

आणि माझ्या कूलरचा पंप गेल्या वर्षीपासून घरघर करतो. बघाल का?

---

मानेवाड्याचा_कूलरवाला · सोमवार, रात्री 9.50

सोल्डरभाऊ, पाहिलं. फोनमधी 97 जीबी भरलं हाये, कार्डात वेगळे 20. एकटं व्हॉट्सॲप 34 जीबी. मी म्हटलं एवढं काय हाये बाप्पा याच्यात. खोलून पाहिलं तं सकाळचे गुलाब, चहाचा कप, अन् मारबतीच्या मिरवणुकीचा एकच व्हिडिओ अकरा ग्रुपमधून आलेला.

काकू, पंपाचं पाहतो. घरघर करते म्हणजे बहुतेक जाळीत कचरा असन नाई तं बुश गेला असन.

---

मिहानचा_रात्रपाळीवाला · सोमवार, रात्री 11.55

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये "स्टोरेज अँड डेटा", त्यात "मॅनेज स्टोरेज". तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या फायली वेगळ्या दिसतात आणि खूपदा फॉरवर्ड झालेल्याही वेगळ्या. फॉरवर्डवाल्यांवर डोळे मिटून झाडू मारा. गिऱ्हाइकांच्या चॅटला हात लावू नका.

काका, तुम्ही फोटो आणि व्हॉट्सॲप विचारताय, पण मला भीती तुमच्या 1,900 नावांची वाटते. जुनी माणसं (माफ करा) नंबर तीन ठिकाणी ठेवतात: काही सिमवर, काही फोनमध्ये, काही गूगल खात्यात. फोनवर सगळे एकाच यादीत दिसतात म्हणून कळत नाही. गूगलचं कॉन्टॅक्ट ॲप उघडा, वर खातं बदलून प्रत्येक ठिकाणचा आकडा बघा. सिमवरचे "इम्पोर्ट"ने आणि फोनमधले हलवून, सगळे गूगल खात्यात आणा. मग कॉम्प्युटरवर त्याच खात्याने उघडून आकडा जुळतो का ते मोजा. आयफोनमध्ये ते खातं जोडून कॉन्टॅक्टचं बटन चालू केलं की यादी येते, "मूव्ह टू आयओएस" फसलं तरी येते. आणि नवीन नंबर कुठं साठवायचा त्या सेटिंगमध्ये गूगलच ठेवा, नाहीतर एप्रिलपासूनची नवी गिऱ्हाइकं वेगळ्याच खात्यात जाऊन बसतील.

कॉल रेकॉर्डिंगसाठी त्या ॲपवर विसंबू नका. जुना फोन केबलने कॉम्प्युटरला लावून रेकॉर्डिंगचं फोल्डर आणि फोटोंचं डीसीआयएम फोल्डर, दोन्ही आधी कॉपी करा. तुमच्या आयफोनला जुनी लाइटनिंग पिन आहे, सी टाइप आयफोन 15 पासून आली, त्यामुळे सी टाइपचा पेनड्राइव्ह थेट लागणार नाही. हवी ती रेकॉर्डिंग गूगल ड्राइव्हवर चढवा, आयफोनवर व्हीएलसी नावाच्या ॲपमध्ये वाजतील. पण 15 जीबीच फुकट आहेत आणि त्यात मेल, फोटो सगळं मोजलं जातं.

एक वाईट बातमी. आयफोनवर तुमच्यासारखं गुपचूप रेकॉर्डिंग होत नाही. नव्या आयओएसमध्ये (आयफोनच्या सिस्टिममध्ये) सोय आहे, पण बटन प्रत्येक वेळी तुम्हीच दाबायचं, आणि दाबलं की समोरच्यालाही घोषणा ऐकू जाते. खरं तर समोरच्याला न सांगता रेकॉर्ड करणं मला तसंही पटत नाही, पण ते राहू द्या.

---

सोल्डर_आणि_चहा · मंगळवार, सकाळी 9.05

रात्रपाळीवाल्यांनी बरोबर सांगितलं. दोन सिमबद्दल: एक खाच आणि एक ई-सिम (फोनच्या आतच असलेलं, प्लास्टिक नसलेलं सिम), असे दोन नंबर चालतात. धंद्याचा नंबर प्लास्टिकच्या सिमवरच ठेवा. फोन बंद पडला तर सिम काढून कोणत्याही डबड्यात टाकता येतं.

बँकेची आणि यूपीआयची ॲप्स पुन्हा नोंदवावी लागतील. त्या सिमवरून एसएमएस जातो, म्हणून एसएमएसपुरता बॅलन्स ठेवा. तुमच्याकडचा छापलेला क्यूआर बदलत नाही, तो खात्याशी बांधलेला असतो.

---

मानेवाड्याचा_कूलरवाला · पुढचा रविवार, दुपारी 3.15

झालं. जसं झालं तसं सांगतो.

कॉन्टॅक्ट मोजले: गूगलमधी 580, फोनमधी 1,130, सिमवर 214. मिहानवाल्या पोरानं सांगितलं नसतं तं मले हे कधीच समजलं नसतं. सिमवरचे म्हणजे माह्ये सगळ्यात जुने गिऱ्हाईक, साध्या बटनाच्या फोनच्या काळातले. ते गूगलमधी आणले तं नावं अर्धी. सिममधी मराठी अक्षरं लय कमी मावतात म्हणे. "कूलर माने" असे 31 निघाले, "कूलर खाम" 12. दोन रात्री मी अन् बायको बसलो. व्हॉट्सॲपवर ज्याचा फोटो दिसला त्याचं नाव ती सांगे. "हे ते नाई का, ज्यांच्या घरी तुमचा पाना राहिला होता." तिले माह्ये गिऱ्हाईक माह्याहून जास्त मालूम. नऊ नंबर कोणाचे ते समजलेच नाई, त्यांचं नाव "कूलर कोण" ठेवलं.

व्हॉट्सॲप झाडून 34 चं 8 जीबी केलं. पोरीले व्हिडिओ कॉलवर घेतलं, बायकोच्या फोनवरून, साइन आउट केलं, पुसलं. तिचे फोटो तिच्याकडं हायेत ना, हे तीनदा विचारलं. शुक्रवारी रात्री 11 वाजता ॲप लावलं, दोन्ही फोन चार्जरले, सिम आधीच काढून ठेवलं. बारा वाजता लाइट गेली. वायफायचा डबा बंद, मी म्हटलं आता मेलो. पण काईच थांबलं नाई. आयफोन स्वतःचंच वायफाय बनवते अन् दोन फोन आपसातच बोलतात, घरच्या डब्याशी त्याले घेणं नाई. बॅटरी दोन्हीकडं भरलेली होती. पावणेदोनले पट्टी भरली. सकाळी सिम टाकून व्हॉट्सॲप उघडलं, सारे आवाज, सारे लोकेशन जागेवर.

यूपीआयले पहिल्या दिवशी पाच हजाराच्या वर पाठवता नाई आलं. पंपाचे पैसे इतवारीले द्यायचे होते, ते नगदी देऊन आलो. घरचा नंबर ई-सिम नाई केला. बायकोच्या फोनमधी टाकून दिला, तसे बी त्याच्यावरचे फोन तिच्यासाठीच येत.

रेकॉर्डिंग 4,000 च्या वर होत्या. शेजारच्या पोराच्या कॉम्प्युटरवर कॉपी केल्या, ड्राइव्हवर एकही नाई टाकली. ऐकत बसलो होतो, त्यातल्या पत्त्यावर आता अर्ध्या ठिकाणी फ्लॅट स्कीम उभी हाये. तिथं एसी लागते. जुना फोन बिनसिमचा औजाराच्या पेटीत ठेवला हाये. वायरींचे फोटो त्याच्यात पाहाले बरे पडतात, हात ग्रीसचे असले तरी त्या काचेचं आता काय बिघडते?

रेकॉर्डिंगचं बटन एकदा दाबून पाहिलं. बजाजनगरच्या एक आजी होत्या, घोषणा ऐकली अन् म्हणे, "कोण बोलतंय मध्ये?" अन् फोन ठेवून दिला. परत लावला तं उचलला नाई.

---

हुडकेश्वरची_काकू · पुढचा रविवार, दुपारी 4.00

अभिनंदन दादा. पण आमच्या पंपाचं काय? मी तुम्हाला मंगळवारी फोन करून पूर्ण पत्ता सांगितला होता.

---

मानेवाड्याचा_कूलरवाला · पुढचा रविवार, दुपारी 4.20

काकू, ते जुन्या फोनवर रेकॉर्ड झालं, अन् तो पेटीत चार्जिंग संपून पडला हाये. व्हॉट्सॲपवर लिहून टाका, उद्या दहाले येतो. तुमचं नाव "काकू हुडकेश्वर घरघर" टाकलं हाये, गूगलमधीच.