काल्पनिक देशातली महाकंपनी: तिला फौज हवी की बँक?

दर्यावर्दी
कादंबरीसाठी एक देश रचतोय. बेट आहे, खोल पाण्याचं एकच बंदर, डोंगरात तांबं, वस्ती ४० लाखांची. तिथल्या एका उद्योगसमूहाकडे खाणी, जहाजं, वीज, विमा, वर्तमानपत्र, बँक असं सगळंच आहे. अकरा देशांत कचेऱ्या, देशाच्या जीडीपीत ७० टक्के वाटा, वर २० हजारांची खासगी फौज. (नाव अजून सुचलेलं नाही, तो वेगळा ताप.) मसुदा वाचून एक मित्र म्हणाला, "मग सरकार काय करतं? पटत नाही." माझं म्हणणं, ईस्ट इंडिया कंपनी पटते ना? १८०३ च्या सुमारास तिच्याकडे २ लाखांच्या आसपास सैन्य होतं. मग मनानेच रचलेल्या देशात हात आखडता का घ्यायचा?

खातेवही
मित्राचं बरोबर आहे. आधी सांगा, ७० टक्के म्हणजे उलाढाल (एकूण विक्री) की मूल्यवर्धन (विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरतं ते)? लोक कंपनीची उलाढाल जीडीपीशेजारी मांडतात आणि "कंपनी देशापेक्षा मोठी" म्हणून मोकळे होतात. जीडीपीत मूल्यवर्धन धरतात, आणि अकरा देशांतल्या कचेऱ्यांचं उत्पन्न त्या त्या देशांच्या खात्यात जातं. फिनलंडमध्ये २००० साली नोकियाचा वाटा जीडीपीच्या साधारण ४ टक्के होता. तेवढ्यावर सगळं जग त्या देशाला नोकियाच्या नावाने ओळखायचं!

फौजेचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी (महसूल गोळा करायचा हक्क) मिळाली आणि १७७२ मध्ये ती पैशांसाठी ब्रिटिश सरकारच्या दारात उभी होती. पुढच्या वर्षी १४ लाख पौंडांचं कर्ज मिळालं, सोबत कंपनीवर सरकारी देखरेख आणणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्टही गळ्यात पडला. फौज पोसायला लागणारा पैसा व्यापारातून निघत नाही, महसुलातून निघतो. महसूल गोळा करायला लागली की ती कंपनी राहत नाही, सरकारच होते.

गलबत
फौज नको, मान्य. पण सरकार नावाची चीज तुम्ही फार भक्कम समजताय.

मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात युनायटेड फ्रूट या केळी विकणाऱ्या अमेरिकन कंपनीकडे जमीन होती, रेल्वेवर ताबा होता, अटलांटिक किनाऱ्यावरचं मुख्य बंदरही तिच्याच मुठीत. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आर्बेन्झ यांच्या सरकारने कंपनीची पडीक जमीन घ्यायला सुरुवात केली आणि भरपाई देऊ केली ती कंपनीने करासाठी स्वतःच लिहून दिलेल्या किमतीने: सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर. कर वाचवायला वर्षानुवर्षं किंमत पाडून दाखवली होती, ती अशी अंगाशी आली. मग अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने कंपनीतर्फे दीड कोटीहून जास्त डॉलर मागितले. १९५४ मध्ये सरकार उलथलं, सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या मदतीने. कंपनीला पदरी एक शिपाईसुद्धा ठेवावा लागला नाही.

दर्यावर्दी, तुमच्या कादंबरीत तो पाठीराखा मोठा देश कुठाय?

दर्यावर्दी
माझी कंपनी परकी नाही हो, त्याच बेटावर जन्मलेली आहे. पण करासाठी खोटी किंमत लिहून देण्याचा प्रसंग मी उचलणार.

शंकासुर
देशी असेल तर जपान आणि कोरिया बघा. दोन्हीकडे घराण्यांचे अवाढव्य समूह, फरक बँकेचा. जपानच्या मित्सुई समूहाने १८७६ मध्ये स्वतःची बँक काढली, भांडवलासाठी कुणापुढे पदर पसरायची गरज उरली नाही. दक्षिण कोरियात लष्करी सत्ताधारी पार्क चुंग-ही यांनी १९६१ मध्ये व्यापारी बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या. निर्यातीचं लक्ष्य गाठलं तर स्वस्त कर्ज, नाही गाठलं तर नळ बंद. समूह वाढले, पण दोरी सरकारच्या हातात. दैवू हा तिथला बडा समूह, १९९९ मध्ये कोसळली ती कर्जानेच.

म्हणून फौज, टक्के सगळं सोडा. बेटावरची बँक कुणाची, तेवढं ठरवा.

उंटावरचा शहाणा
कंपनी म्हणजे खलनायक, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. बोट्स्वाना घ्या. १९६६ ला स्वातंत्र्य, १९६७ ला हिरे. डी बीअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबर काढलेल्या कंपनीत सरकारचा वाटा १९६९ मध्ये १५ टक्के होता, १९७५ मध्ये ५० झाला. ना बंड, ना बंदूक. कारखान्याचा भोंगा वाजला की काळे ढग दाटून येणाऱ्या कथा वाचून कंटाळा आलाय.

गलबत
वाटाघाटी जमल्या म्हणून. लायबेरियाने १९२६ मध्ये फायरस्टोन या अमेरिकन टायर कंपनीला रबराच्या मळ्यांसाठी १० लाख एकरांपर्यंत जमीन दिली, ९९ वर्षांसाठी, एकरी ६ सेंट भाड्याने. सोबत ५० लाख डॉलरचं कर्ज, तेही फायरस्टोनच्याच पोटकंपनीकडून. जो भाडेकरू तोच सावकार! आता घरमालकाने भाडं वाढवून मागावं कसं?

उंटावरचा शहाणा
म्हणजे पुन्हा बँकच. शंकासुरांना एक गुण.

खातेवही
७० टक्क्यांचं काय झालं?

दर्यावर्दी
खोडले. फौजही गेली, फक्त बंदरावरचे पहारेकरी ठेवलेत. बँक मात्र काढून घेत नाही. उलट सरकारी पगार तिच्यातूनच होतात असं करतो. अर्थमंत्री महिन्याच्या २८ तारखेला बँकेत जातो आणि त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवतात. तिसरं प्रकरण फाडलं, तिथूनच नव्याने सुरू करतोय.

शंकासुर
किती वेळ बसवतात?